रेन्ड्सबुर्गचा पूल पाहायला जाताय? आधी जहाजाची वेळ काढा, मग गाडीची

हॅम्बुर्गला आलेले आपले लोक एक दिवस काढून कील कालव्यावरचा उंच रेल्वेपूल आणि त्याखालून जाणारी जहाजं पाहायला रेन्ड्सबुर्गला जातात. संध्याकाळी परतल्यावर बहुतेकांकडून यातलं एखादं वाक्य ऐकायला मिळतं: "पूल पाहिला, पण जहाज एकही दिसलं नाही." "ती टांगती फेरी नेमकी बंद होती." "आम्ही बसलो रेन्ड्सबुर्गसाठी आणि उतरलो कीलला." चौथं वाक्य मला सगळ्यांत जास्त लागतं, "पुलावरून गेलो कधी ते कळलंच नाही."

या चारही गोष्टी टाळता येतात. लोक आधी गाडी ठरवतात, मग तिथे पोहोचून जहाजाची वाट बघत बसतात. क्रम उलटा हवा. जहाज पुलाखाली किती वाजता येणार याचा अंदाज आधी काढायचा आणि त्यावरून मागे मोजत गाडी ठरवायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत.

## टप्पा १ : नेमकं काय पाहायचंय ते ओळखून घ्या

रेन्ड्सबुर्ग हे उत्तर जर्मनीतलं, कील कालव्याच्या काठचं गाव. उत्तर समुद्राकडचं ब्रुन्सब्युटेल आणि बाल्टिककडचं कील-होल्टेनाऊ यांना जोडणारा हा कालवा सुमारे ९८.६ किलोमीटर लांब आहे. जर्मन लोक त्याला 'नॉर्ड-ऑस्टझे-कानाल' म्हणतात आणि फलकांवर नुसतं 'एनओके' लिहितात. 'कील कॅनॉल' असा फलक शोधत बसू नका.

इथे तीन गोष्टी एकाच जागी आहेत.

पहिली म्हणजे वरचा लोखंडी रेल्वेपूल, 'होखब्रुके'. तो १९१३ साली पूर्ण झाला. पोलादी भागाचीच लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर आहे आणि पाण्यापासून पुलाच्या तळापर्यंत ४२ मीटर मोकळी जागा सोडलेली आहे. दुसरी म्हणजे त्याच पुलाच्या पोटाला पोलादी दोरांनी टांगलेली फेरी, 'श्वेबेफेरे'. ती पाण्याला न टेकता माणसं आणि मोटारी या काठावरून त्या काठावर नेते. तिसरी म्हणजे रेल्वेचा वळसा, 'श्लाइफे'. स्टेशन कालव्यापासून फार लांब नाही आणि पूल एवढा उंच, त्यामुळे गाडीला सरळ खाली उतरायला जागाच नाही. म्हणून रूळ गावावरून मोठा फेर घेत हळूहळू खाली येतात.

इथे एक गफलत नेहमी होते. नकाशावर नुसतं 'रेन्ड्सबुर्ग पूल' असं शोधलं की कधी कधी राडर होखब्रुके समोर येतो. तो ए-७ महामार्गाचा मोटारींचा पूल, गावाच्या पूर्वेला. मोटारीने जाणारे हमखास तिथे पोहोचतात, कालव्यावरून भरधाव पुढे निघून जातात आणि मग फिरायला जागा शोधतात. नकाशात 'श्वेबेफेरे रेन्ड्सबुर्ग' असंच टाका.

तपासा : तुमच्या नकाशातली खूण रेल्वेच्या रुळांखाली आहे ना? महामार्गावर असेल तर ती चुकीची.

सावधान : रेल्वेपुलावर पायी जायची सोय नाही. बांधावर चढून 'थोडं वरून बघू' हा विचार मनातही आणू नका. वरून पंधरा हजार व्होल्टची तार गेली आहे.

## टप्पा २ : दोन-तीन दिवस आधी, काय चालू आणि काय बंद

गावात पोहोचल्यावर या चौकशीचा काही उपयोग नसतो. ती घरूनच करा.

सर्वांत आधी टांगती फेरी. ८ जानेवारी २०१६ ला एका मालवाहू जहाजाची तिला धडक बसली. जुनी फेरी त्यात इतकी मोडली की नवीनच बांधावी लागली आणि ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. मधली सहा वर्षं लोक जुने लेख वाचून जात होते आणि रिकाम्या काठाकडे बघून परत येत होते. आजही देखभालीसाठी किंवा जोराच्या वाऱ्यात ती थांबते. म्हणून गावाच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याची स्थिती आणि वेळापत्रक बघा. जर्मन येत नसेल तर 'आउसर बेट्रीब' एवढे दोन शब्द ओळखता आले तरी पुरे. त्यांचा अर्थ सेवा बंद.

दुसरा पादचारी बोगदा, 'फुसगेंगरटुनेल'. फेरी बंद असली तर पायी पलीकडे जायचा तोच मार्ग, आणि फेरी चालू असली तरी मी परतीला तोच घ्यायला सांगतो. त्याचे सरकते जिने आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात. सोबत गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर हे बघितल्याशिवाय निघू नका.

तिसरा खुद्द कालवा. तो चोवीस तास चालतो, रविवारीही. पण अपघात झाला की सगळी वाहतूक थांबते. ३० नोव्हेंबर २०२२ ला एका जहाजावरची क्रेन कीलजवळच्या होल्टेनाऊच्या पुलांना धडकली आणि कालवा काही दिवस बंद राहिला. अशा वेळी रेन्ड्सबुर्गला कितीही वेळ बसलात तरी एक जहाज दिसणार नाही.

ही चौकशी दहा मिनिटांत होते, आणि याच दहा मिनिटांसाठी लोकांचे अख्खे दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा ३ : आदल्या रात्री आणि सकाळी जहाजाची वेळ काढा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. थोडा गुणाकार-भागाकार आहे, पण वहीवर पाच ओळींत होतो.

जहाजांचा ठावठिकाणा दाखवणारी ॲप मोफत मिळतात. मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर, कुठलंही चालेल. नकाशावर कालवा मोठा करून बघा. रंगीत बाण म्हणजे जहाजं, बाणाचं टोक म्हणजे जहाजाची दिशा.

आता हे आकडे वहीत लिहून घ्या :

- कालव्याचे किलोमीटर ब्रुन्सब्युटेलपासून मोजतात. रेन्ड्सबुर्गचा पूल साधारण ६३व्या किलोमीटरला आहे.
- म्हणजे ब्रुन्सब्युटेलकडून पूल ६३ किलोमीटर आणि कील-होल्टेनाऊकडून ३६ किलोमीटर.
- कालव्यात वेगाला मर्यादा आहे. ताशी १५ किलोमीटर, मोठ्या जहाजांना १२.
- ॲपमध्ये वेग नॉटमध्ये असतो. ८ नॉट म्हणजे सुमारे १५ किलोमीटर, साडेसहा नॉट म्हणजे सुमारे १२.

एक हिशेब करून बघू. सकाळी नऊला एक मोठं जहाज होल्टेनाऊच्या लॉकमधून, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या जलद्वारातून, कालव्यात शिरलं आणि ॲपमध्ये त्याचा वेग साडेसहा नॉट दिसतोय. ३६ भागिले १२ म्हणजे तीन तास. ते बाराच्या सुमारास पुलाखाली येणार. छोटं जहाज असेल आणि ८ नॉटने येत असेल तर साडेअकराच्या आधीच.

ब्रुन्सब्युटेलकडून येणाऱ्या जहाजाला चार ते सव्वापाच तास लागतात, पण तो अंदाज जास्त चुकतो. कालव्यात ठिकठिकाणी रुंद केलेल्या जागा आहेत, त्यांना 'वाइखे' म्हणतात. एकेरी रेल्वेमार्गावर समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी क्रॉसिंगला उभी राहते, तसंच इथे मोठ्या जहाजाला वाट द्यायला दुसरं थांबतं. रेन्ड्सबुर्गच्या पश्चिमेला श्युल्प आणि पूर्वेला आउडॉर्फ-राडे या दोन वाइखे जवळ आहेत. तिथे एखाद्या जहाजाचा वेग शून्य दिसला तर ते बंद पडलेलं नाही, समोरच्याची वाट बघतंय. अशा जहाजावर डोळा ठेवा. सुटलं की अर्ध्या-पाऊण तासात पुलाखाली येतं.

लांबचं जहाज दुरूनच धरून ठेवू नये. आदल्या रात्री फक्त एवढं बघा की कोणती जहाजं दोन्ही टोकांच्या लॉकजवळ जमताहेत. सकाळी चहा घेताना पुन्हा बघा आणि एकाच जहाजावर भिस्त न ठेवता अडीच-तीन तासांच्या पट्ट्यात येणारी तीन-चार जहाजं निवडा. त्यातलं एक थांबलं, एक लवकर आलं, तरी दोन मिळतात.

नेहमीची चूक : ॲपमधला 'गंतव्य' रकाना प्रमाण मानणं. तो जहाजावरचा माणूस हाताने भरतो आणि कधी कधी मागच्या सफरीचंच नाव तसंच राहतं. बाणाची दिशा आणि वेग यांच्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक : ॲपमध्ये पर्यटकांच्या शिडाच्या होड्याही दिसतात. उन्हाळ्यात त्यांची गर्दी असते. जहाजाची लांबी बघून निवडा. शंभर मीटरच्या वरचं असेल तर पुलाच्या उंचीचा अंदाज येतो. दीडशेच्या वर असेल तर मुलं बोलायची थांबतात.

## टप्पा ४ : आता गाडी आणि तिकीट

पहिलं जहाज साडेअकराला अपेक्षित असेल तर तुम्ही अकराला काठावर हवेत. स्टेशनपासून काठ पायी अर्धा तास, म्हणजे साडेदहाला स्टेशन. हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनावरून रेन्ड्सबुर्ग साधारण दीड तास. तर नऊच्या आसपासची गाडी.

इथे तिकिटाचा मुद्दा आडवा येतो. गट असेल तर श्लेस्विग-होल्स्टाइन तिकीट सोयीचं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं आणि ते हॅम्बुर्गमध्येही चालतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. साडेआठच्या गाडीत ते दाखवलं तर ते तिकीट नसल्यासारखंच. शनिवार-रविवारी ही अट नाही.

महिनाभर राहायला आलेले आई-बाबा असतील तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालणारा पास, बघा. मात्र तो मासिक वर्गणीचा प्रकार आहे, आपोआप पुढे चालू राहतो. त्या महिन्यापुरताच हवा असेल तर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. आई-बाबा पुण्याला पोहोचल्यावरही पैसे कापले जाताहेत, अशा तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आहेत.

सावधान : डेन्मार्ककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही याच पुलावरून जातात. वरची दोन्ही तिकिटं त्यांत चालत नाहीत. पाटीवर 'आरई' (म्हणजे प्रादेशिक गाडी) लिहिलेलीच गाडी घ्या.

### नॉयम्युन्स्टरला डबे सुटतात

हॅम्बुर्गहून येणारी आरई-७ नॉयम्युन्स्टर स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे रेन्ड्सबुर्गवरून फ्लेन्सबुर्गला जातात, अर्धे कीलला. डबे आतून एकमेकांना जोडलेले नसतात. त्यामुळे 'चालत पुढे जाऊ' हा पर्याय नाही.

पहिल्या खेपेला मी स्वतः घाईत समोर आलेल्या डब्यात चढलो. खिडकी मिळाली, डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली आणि तासाभराने कीलच्या फलाटावर उतरलो. सोबत दोन लहान मुलं होती. त्या दिवशीचं जहाज गेलं ते गेलंच.

म्हणून चढण्यापूर्वी त्या डब्याच्या बाहेरची पाटी वाचा, सबंध गाडीची नव्हे. 'फ्लेन्सबुर्ग' हे नाव दिसलं तरच चढा. बसल्यावर आतल्या पडद्यावर पुन्हा खात्री करा. चुकीच्या डब्यात असाल तर नॉयम्युन्स्टरला गाडी काही मिनिटं उभी असते, तेव्हा उतरून फलाटावरून दुसऱ्या भागात जाता येतं. लहान मुलं आणि बॅगा असतील तर हे आधीच्याच स्टेशनात उरका.

तरीही कीलला पोहोचलातच तर नॉयम्युन्स्टरला परत जाऊ नका. कीलहून रेन्ड्सबुर्गला थेट गाड्या आहेत, आणि त्याही याच पुलावरून जातात.

## टप्पा ५ : पुलावरची दोन मिनिटं

हॅम्बुर्गहून येताना आधी पूल लागतो, मग स्टेशन. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक पुलावर असताना बॅगा आवरत असतात आणि उतरल्यावर विचारतात, पूल कुठे आहे?

रेन्ड्सबुर्गला पोहोचायच्या आठ-दहा मिनिटं आधी मोबाइल खाली ठेवा आणि खिडकीकडे बघा. सपाट शेतं असतात, मग गाडी बांधावरून चढू लागते, वेग कमी होतो, झाडांचे शेंडे खिडकीच्या खाली जातात. रुळांचा आवाज बदलतो, मातीवरचा भरीव आवाज जाऊन पोकळ, घणघणता आवाज येतो. तो आवाज आला की तुम्ही पोलादावर आहात. लोखंडी तुळया खिडकीजवळून सरकू लागतात आणि क्षणभर खाली पाण्याचा सरळ पट्टा दिसतो.

कोणत्या बाजूला बसायचं यावर भांडू नका. पूल कालव्याला आडवा आहे, त्यामुळे दोन्हीकडून पाणी दिसतं. खिडकी स्वच्छ आहे का ते बघा, ते जास्त महत्त्वाचं.

पाणी गेलं की लोक मागे टेकतात. टेकू नका. यानंतरच गाडी वळशाला लागते आणि घरांच्या छपरांवरून, परसबागांवरून फिरत उतरते. वाळत घातलेले कपडे, मुलांचे झोपाळे, सगळं पायाखाली. थोड्या वेळाने, नुकताच ओलांडलेला पूल खिडकीतून आडवा दिसतो. मला ही सगळ्यांत सुंदर जागा वाटते. व्हिडिओ घ्यायचा असेल तर इथे घ्या. फक्त लोकांच्या अंगणावर कॅमेरा रोखू नका, तिथे माणसं राहतात.

## टप्पा ६ : स्टेशनपासून काठापर्यंत

स्टेशनातच स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या, सुटी नाणी जवळ ठेवा. काठावर ही सोय जेमतेम आहे. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे पाणी आणि खाणं घरून. काठावरची खाणावळ उघडी असेल या भरवशावर कुणी राहू नये, इथे आठवड्याचा एक दिवस सुट्टी घ्यायची पद्धत आहे.

पायी अर्धा तास लागतो, रस्ता सपाट आहे. वडीलधारे सोबत असतील तर स्टेशनाशेजारीच बसस्थानक आहे, नाहीतर टॅक्सी घ्या. त्यांची चालायची ताकद काठासाठी राखून ठेवा. रस्ता विचारावा लागत नाही, पूल घरांच्या वर दिसत राहतो. 'उमलाइटुंग' असा पिवळा फलक दिसला तर तो वळणमार्ग समजा आणि मुकाट्याने त्याच्या मागे जा.

कपड्यांचंही इथेच सांगतो. जुलैतसुद्धा काठावर वारा बोचतो. आमच्याकडे आलेल्या एक मावशी साडीवर पातळ स्वेटर घालून गेल्या आणि पाऊण तासात थंडीने कुडकुडू लागल्या. वारा अडवणारं जाकीट आणि डोक्याला रुमाल, एवढं प्रत्येकाकडे हवंच.

## टप्पा ७ : जहाज येताना

पोहोचलात की आधी ॲप उघडा आणि आपल्या यादीतली जहाजं कुठे आहेत ते बघा. पहिलं जहाज दहा मिनिटांच्या आत असेल तर फेरीच्या नादी लागू नका, उत्तर काठावरच, म्हणजे स्टेशनाच्या बाजूलाच, थांबा. जहाजाला वाट देणं हा फेरीचा नियम आहे. जहाज जवळ आलं की फेरी काठाला उभीच राहते. लोक फेरीत चढून सुटायची वाट बघत बसतात, जहाज डोळ्यांसमोरून जातं आणि कठड्यामुळे धड दिसत नाही.

जहाज पुलाजवळ आलं की आवाजापेक्षा आधी हादरा कळतो, पायाखाली हलकासा. मग काठाकडे बघा. जहाजाआधी पाणी मागे सरतं, काठाचे दगड उघडे पडतात, हिरवं शेवाळ चमकतं. जहाज पुढे गेलं की तेच पाणी लाट होऊन परत येतं.

सावधान : उघड्या पडलेल्या दगडांवर मुलं धावतात, कारण तिथे शिंपले दिसतात. पाणी परत यायला काही सेकंदच लागतात आणि ते दगड अतिशय निसरडे असतात. जहाज दृष्टीआड होऊन पाणी शांत होईपर्यंत मुलांचा हात सोडू नका.

पुलापाशी जहाजांना सलामी द्यायची जागा आहे. तिथून जहाजाच्या झेंड्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतात आणि झेंडा खाली घेऊन मानवंदना देतात. ती ठरावीक काळातच चालते, त्यामुळे टप्पा २ मधल्या चौकशीत हेही विचारून घ्या. 'जन गण मन' ऐकू येईल अशी अपेक्षा मात्र धरू नका. खलाशी भारतीय असले तरी जहाज लायबेरियाचं किंवा अँटिग्वा-बार्बुडाचं नोंदवलेलं असू शकतं, आणि गीत नोंदणीच्या देशाचंच वाजतं.

### जहाजावर आपलं माणूस असेल तर

रत्नागिरी, देवगड, मालवणच्या घरांतली, तसंच मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं जहाजांवर आहेत, आणि त्यातली काही या कालव्यातून जातात. "मुलगा उद्या कील कालव्यातून जाणार, आम्ही इथेच आहोत, भेट होईल का?" असं मला विचारलं जातं. भेट होत नाही. पाहणं होतं, आणि त्यासाठी तयारी लागते.

त्याच्याकडून जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. नावं सारखी असतात, क्रमांक बदलत नाही. तो कालव्यात शिरला की ॲपमध्ये त्याच्यावर नजर ठेवा. कालव्यात मोबाइलला रेंज मिळते, त्यामुळे निरोपानिरोपी चालू राहते. पुलाखाली किती वाजता येऊ याचा त्याचा अंदाज तुमच्या हिशेबापेक्षा बरोबर असतो, कारण जहाज जिथून चालवतात त्या खोलीत कालव्याचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा जाणकार, असतो.

तुम्ही कोणत्या काठावर आहात ते 'उत्तर' किंवा 'दक्षिण' असं सांगा, 'डाव्या हाताला' असं नव्हे. त्याची डावी बाजू जहाजाच्या दिशेवर ठरते. भडक रंगाची ओढणी किंवा छत्री न्या. जहाज पन्नास-साठ मीटरवरून जातं, त्यामुळे चेहरा ओळखता येतो, पण त्यालाही तुम्ही गर्दीत सापडायला हवेत. दीडशे मीटरचं जहाज तुमच्या समोरून पाऊण मिनिटात सरकतं. फोटो एकाने घ्यावेत, आईने घेऊ नयेत. आईने नुसतं बघावं.

आणि तो ड्युटीवर असला तर हात न हलवताही जाईल. त्याचा राग धरू नका. कालव्यातला प्रवास हा जहाजावर कामाचा वेळ असतो.

## टप्पा ८ : टांगती फेरी

दोन जहाजांमधली वीस-पंचवीस मिनिटांची मोकळी वेळ गाठा आणि मग फेरीत चढा. भाडं लागत नाही. पलीकडचं गाव ओस्टररोन्फेल्ड. फेरा जेमतेम दीड मिनिटाचा.

पायी चालणाऱ्यांनी मोटारी आत येईपर्यंत बाजूला थांबावं आणि चालक खूण करेल तेव्हा चढावं. सायकल नेता येते. आत गेल्यावर सगळे पाण्याकडे बघतात. तुम्ही एकदा वर बघा. बारा पोलादी दोर वर निमुळते होत जातात आणि टोकाला, पुलाच्या पोटाखाली, चाकांची गाडी रुळांवरून सरकताना दिसते. मांडवीतल्या किंवा दाभोळच्या फेरीबोटीची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण लाटेचा हेलकावा नसतोच. खाली पाणी हलतंय आणि तुम्ही स्थिर.

तपासा : पलीकडे जाण्याआधी फेरीची शेवटची वेळ काठावरच्या फलकावर वाचून घ्या.

## टप्पा ९ : दक्षिण काठावर फोटो

पूल कालव्याला उत्तर-दक्षिण आडवा आहे. म्हणजे दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की दिवसातला बराच वेळ सूर्य तुमच्या पाठीशी असतो. उत्तर काठावरून काढलेल्या फोटोत पूल काळाकुट्ट येतो, कारण सूर्य समोर असतो. चांगला फोटो हवा असेल तर ओस्टररोन्फेल्डच्या बाजूने दोनशे-तीनशे पावलं काठाने चालत जा. फेरीच्या धक्क्यावरूनच काढलात तर पुलाची लांबी मावत नाही.

वर गाडी, मध्ये फेरी, खाली जहाज अशी तिन्ही एकाच चौकटीत हवी असतील तर रेल्वेचं वेळापत्रक हाताशी ठेवा. हॅम्बुर्गकडून रेन्ड्सबुर्गला येणारी गाडी स्टेशनात पोहोचायच्या पाच-सात मिनिटं आधी पुलावर असते. जहाज जवळ असलं की फेरी काठालाच असणार हे लक्षात घ्या, ती मधोमध असण्याचा हट्ट सोडा.

डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात जाणार असाल तर सगळा कार्यक्रम दोन तास अलीकडे ओढा.

सावधान : ड्रोन घरी ठेवा. जलमार्ग आणि रेल्वे, दोन्हींच्या आसपास ड्रोनवर निर्बंध आहेत आणि इथे दोन्ही एकावर एक आहेत.

## टप्पा १० : परतीला बोगदा

फेरीनेच परत जाता येतं, पण पाय साथ देत असतील तर काठाने पश्चिमेकडे चाला. वीस ते तीस मिनिटांत पादचारी बोगद्याचं तोंड येतं. १९६५ पासून तो वापरात आहे. सरकता जिना सुमारे ५६ मीटर लांब आहे. खाली बघून चक्कर येणाऱ्यांनी, लहान मुलं घेतलेल्यांनी आणि सायकलवाल्यांनी लिफ्ट घ्यावी. बोगद्यात सायकल हातात धरून चालायची. वर निघालात की तुम्ही पुन्हा स्टेशनाच्या काठाला आहात.

स्टेशनावर हॅम्बुर्गची आरई-७ घ्या. परतीला डब्यांची चिंता नाही, नॉयम्युन्स्टरला कीलचे डबे येऊन जोडले जातात आणि तुम्ही बसल्या जागी हॅम्बुर्गला पोहोचता. त्याच फलाटावर लांब पल्ल्याची गाडी आधी आली तर मोह आवरा. चुकीच्या तिकिटाचा दंड ६० युरोपासून सुरू होतो.

या वेळी गाडी सुटताक्षणीच खिडकी धरा. येताना पूल शेवटी लागला होता, आता तो सुरुवातीलाच येतो. आधी वळसा, मग चढ, मग तो पोकळ आवाज. पाण्यावर आलात की खाली बघा. ओढणी हलवत तुम्ही जिथे उभे होतात तो काठ दिसतो, आणि नशिबात असेल तर यादीतलं चौथं जहाज.